पंपासातलं ज्यू गाव: मोइसेस व्हिल कसं वसलं आणि कसं ओसरलं

अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतात, ब्यूनोस आयर्सपासून सहाशे किलोमीटरांहून जास्त अंतरावर, मोइसेस व्हिल नावाचं दोन-अडीच हजार वस्तीचं गाव आहे. भोवती नजर पोहोचेल तिथवर सपाट माळ, चरणारी गुरं आणि दुधाचा धंदा. एवढ्याशा गावात एके काळी चार सिनेगॉग होती, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं. यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, तिच्यातल्या नाटकांसाठी बांधलेलं थिएटर होतं, ग्रंथालय होतं आणि हिब्रू शिक्षक घडवणारी अध्यापकशाळाही होती. आज तिथे ज्यू माणसं दोनशेच्या आसपास उरली आहेत.

या गावाचा इतिहास बहुतेक वेळा दोन वाक्यांत उरकला जातो. एका दानशूर बॅरनने रशियातल्या छळलेल्या ज्यूंना अर्जेंटिनात जमीन दिली, ते शेतकरी झाले. मग त्यांची मुलं शिकून डॉक्टर झाली आणि शहरात गेली. दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत. गाव बॅरनच्या आधी वसलं होतं. आणि मुलं गेली ती केवळ शिकली म्हणून नव्हे. जमिनीच्या करारांमध्येही त्याची कारणं सापडतात.

सुरुवात रशियातून करावी लागते. झारच्या साम्राज्यात ज्यूंना पश्चिमेकडच्या ठरावीक पट्ट्यातच राहायची मुभा होती. १८८१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि पाठोपाठ दक्षिणेत ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. घरं लुटली, दुकानं फोडली. सरकारने १८८२च्या मे महिन्यात कायदे केले ते दंगलखोरांवर नव्हे, तर ज्यूंवरच: गावखेड्यात नव्याने वस्ती करायची नाही, तिथे जमीन घ्यायची नाही. शिंपीकाम, फेरी, छोटी दुकानदारी, गुत्ता यांवर जगणाऱ्या समाजाला वरून ऐकवलं जायचं की तुम्ही कष्टाची शेती करत नाही, लोकांवर जगता. खेरसोन भागात ज्यू शेतकऱ्यांच्या वसाहती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होत्या, पण ते सोयीस्कररीत्या विसरलं जाई. या टोमण्याचा परिणाम खुद्द ज्यूंवरही झाला. नांगर हाती घेतला की आपण बाकीच्यांसारखे होऊ, ही कल्पना त्या काळच्या ज्यू सुधारकांमध्ये जोरात होती. पुढे पॅलेस्टाइनमध्ये गेलेले आणि अर्जेंटिनात गेलेले, दोघांच्याही डोक्यात तीच होती.

अर्जेंटिनाला माणसं हवी होती. १८५३च्या राज्यघटनेतच युरोपीय स्थलांतराला उत्तेजन द्यावं असं कलम आहे. सांता फेमध्ये १८५६ सालीच एस्पेरांसा नावाची युरोपीय शेतकऱ्यांची वसाहत उभी राहिली होती, आणि पाठोपाठ स्विस आणि उत्तर इटलीतल्या लोकांनी प्रांत भरत चालला होता. १८८१ साली राष्ट्राध्यक्ष रोका यांनी हुकूम काढून रशियातल्या ज्यूंना बोलावण्यासाठी खास प्रतिनिधी नेमला. ही जमीन ‘रिकामी’ होती असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. उत्तर सांता फेमध्ये मोकोवी आणि तोबा हे मूळचे रहिवासी होते. लष्कराने त्यांना हटवल्यावर ती रिकामी झाली. वसाहतवाल्यांचा त्यात हात नव्हता, पण त्यांना मिळालेली जमीन अशा रीतीने मोकळी झालेली होती, हे नोंदवून पुढे जाऊ.

स्टेशनवरचे महिने

आजच्या युक्रेनमध्ये असलेल्या पोदोलिया भागातल्या ज्यू कुटुंबांनी आपल्यातले काही जण बाहेर पाठवले. आधी पॅलेस्टाइनला जाण्याचा विचार होता, तिथे मदत मिळेना. पॅरिसमध्ये अर्जेंटिनाच्या स्थलांतर कचेरीशी गाठ पडली आणि ला प्लाता शहराजवळच्या जमिनीचा करार झाला. जमीनमालक होते राफाएल एर्नांदेस. ‘वेझर’ नावाची जर्मन बोट ब्रेमेनहून निघाली आणि १४ ऑगस्ट १८८९ रोजी ब्यूनोस आयर्सला लागली. बोटीवर आठशेच्या वर ज्यू होते, लेकुरवाळी कुटुंबं, सोबत धर्मगुरू राब्बी आहारोन गोल्डमन आणि कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांना धरून, जनावर कापणारे खाटीकसुद्धा. म्हणजे एक अख्खा समाज संसार उचलून आला होता.

उतरल्यावर कळलं की ठरलेली जमीन मिळणार नाही. मधल्या काळात भाव चढले होते आणि मालकाला जुना सौदा नको होता. शहरातल्या छोट्याशा ज्यू मंडळाने धावपळ करून त्यांची गाठ पेद्रो पालासिओस या वकिलाशी घालून दिली. त्याची सांता फेमध्ये मोठी जमीन होती, नव्याने टाकल्या जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत. नवा करार झाला. लोक आगगाडीत बसून शेवटच्या टोकाला पोहोचले, तर तिथे ना घरं, ना अवजारं, ना बैल. होती ती एक रेल्वेची शेड आणि काही मालडबे. त्यांतच त्यांनी मुक्काम ठोकला. रुळांवर काम करणारे मजूर जाता-येता बिस्किटं, पाव द्यायचे. कोशर नाही म्हणून मांस मिळालं तरी कित्येक जण शिवत नसत.

मग टायफसची साथ आली. साठहून जास्त मुलं दगावली. शवपेट्यांना लाकूड नव्हतं, म्हणून काहींना रॉकेलच्या डब्यांत पुरलं असं गावात आजही सांगतात. काही कुटुंबं खचून शहराकडे परतली. उरलेल्यांना गोल्डमन यांनी धरून ठेवलं. स्टेशनपासून सतरा-अठरा किलोमीटर आत जमिनीवर वस्ती सुरू झाली, तेव्हा इजिप्तमधून लोकांना बाहेर काढणाऱ्या मोशेचं (स्पॅनिशमध्ये मोइसेस) नाव तिला त्यांनीच दिलं. ऑक्टोबर १८८९ हा गावाचा स्थापना-महिना मानतात. बॅरनचं पाळण्यातलं नावही मोशेच असल्याने गाव त्याच्या नावावर आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण तेव्हा या लोकांचा त्याच्याशी संबंधच आलेला नव्हता.

तो संबंध एका परक्या माणसाने जोडला. डॉ. विल्हेल्म लोवेंथाल हे आरोग्यशास्त्राचे अभ्यासक अर्जेंटिना सरकारच्या कामावर आले होते. प्रवासात त्यांना स्टेशनवर ही माणसं दिसली: अर्धपोटी, अंगावर चिंध्या, आणि तरीही शेती करायचीच म्हणून अडून बसलेली. त्यांनी परराष्ट्रमंत्री सेबायोस यांच्याकडे तक्रार नेली आणि युरोपात परतल्यावर एक योजना मांडली. एकेका कुटुंबाला इतकी जमीन, इतकी गुरं, इतकं कर्ज दिलं तर ही माणसं पायांवर उभी राहतील, अशी हिशेब मांडलेली योजना. ती बॅरन मॉरिस द हिर्श यांच्यापर्यंत पोहोचली.

बॅरनचा पैसा आणि बॅरनचा करार

हिर्श हे म्युनिकच्या बँकर घराण्यातले. व्हिएन्नापासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंतच्या रेल्वेच्या कंत्राटात त्यांनी अफाट पैसा केला. १८८७ साली एकुलता एक मुलगा ल्युसियाँ वारला. त्यानंतर संपत्तीचा मोठा ओघ त्यांनी दानाकडे वळवला. भिक्षा घालण्याला त्यांचा कडवा विरोध होता. फुकट दिलं की माणूस कायमचा याचक होतो, त्यापेक्षा साधनं द्यावीत आणि परतफेड घ्यावी, असं ते जाहीरपणे लिहीत. १८९१ साली लंडनमध्ये त्यांनी ज्यूइश कॉलनायझेशन असोसिएशन ही कंपनी नोंदवली. भांडवल वीस लाख पौंड, आणि मूठभर शेअर सोडले तर सगळे त्यांच्याच नावावर. वसाहतीतले लोक तिला नुसतं ‘ला ज्यूइश’ म्हणत. तिने पालासिओसची जमीन विकत घेतली, आणि मग मोइसेस व्हिलचा मालक बदलला. पुढे सांता फे, एन्त्रे रिओस, ब्यूनोस आयर्स आणि ला पांपा या भागांत मिळून कंपनीकडे सुमारे सहा लाख हेक्टर जमीन जमली. नव्या वसाहतींची नावं पाहा: मॉरिसिओ, क्लारा, ल्युसिएनव्हिल. स्वतः, बायको आणि वारलेला मुलगा. बॅरन स्वतः मात्र अर्जेंटिनात कधी गेले नाहीत.

बॅरनचं मूळ स्वप्न पंचवीस वर्षांत तीस लाखांहून अधिक ज्यू रशियातून हलवायचं होतं. १८९६ साली ते वारले तेव्हा अर्जेंटिनाच्या वसाहतींत सात हजारही माणसं नव्हती. जहाजभर माणसं आणणं सोपं, पण त्यांना पहिल्या पिकापर्यंत जगवणं अवघड, हे आकडे मांडताना लक्षात आलेलं नव्हतं.

आता करार समजून घेऊ. वसाहतीत आलेल्या कुटुंबाला जमिनीचा तुकडा (पुढे ७५ ते १५० हेक्टर, म्हणजे १८५ ते ३७० एकर), साधं घर, बैल-घोडे, नांगर, बियाणं आणि पहिल्या सुगीपर्यंतचा उदरनिर्वाह मिळे. हे सगळं कर्ज. ते व्याजासकट वर्षाच्या हप्त्यांनी फेडायचं. साडेतीनशे एकर ऐकून डोळे विस्फारतात. पण बिनओलिताच्या माळावर, गुरांच्या चाऱ्यासकट एक घर चालवायला तेवढी जमीन तिथे लागतच असे. यात हाती पडणारा कागद खरेदीखत नव्हता, साठेखत होता. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत जमीन कंपनीची. तोवर ती विकायची नाही, खंडाने द्यायची नाही, वाट्याने लावायची नाही; स्वतः कुटुंबानेच कसायची. चांगलं पीक आलं म्हणून उरलेले हप्ते एकदम भरतो म्हटलं तर त्यालाही कंपनीची आडकाठी. तिची भीती उघड होती: जमीन नावावर झाली की हा गडी ती विकून शहरात दुकान टाकेल.

भीती निराधार नव्हती, काहींनी तसं केलंही. पण ज्याला जमिनीत मुळं धरायची होती त्यालाही या अटी बोचत. गावात कंपनीचा कारभारी असे, बहुधा फ्रेंच शिकलेला शेतीतज्ज्ञ. कोणाला गाय द्यायची, कोणाचा हप्ता लांबवायचा, हे तो ठरवी. वसाहतवाले आणि कारभारी यांच्यातल्या भांडणांनी कंपनीच्या पॅरिसच्या कचेरीतल्या फायली भरल्या. गंमत अशी की ज्याला भिक्षा मान्य नव्हती त्याच्याच व्यवस्थेत मोठ्या बाप्यांना एका जनावरासाठी कारभाऱ्याच्या दारात उभं राहावं लागे.

शेवटी सर्वांत जास्त नडली ती मुलांची बाब. कुटुंबात चार-पाच मुलगे, तुकडा एक. वाटणी करायला परवानगी नाही. शेजारचा तुकडा थोरल्यासाठी मागावा तर कंपनी म्हणे, तो नव्याने येणाऱ्या स्थलांतरितांसाठी राखून ठेवला आहे. हवं तर दूरच्या वसाहतीत जा. म्हणजे आईबाप एकीकडे, मुलगा शेकडो किलोमीटर दूर नवख्या मुलखात. त्यापेक्षा ब्यूनोस आयर्स बरं वाटलं तर नवल काय? कंपनीच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की रशियात दंगली थांबलेल्या नव्हत्या आणि जागेसाठी रांग मोठी होती.

माळावरचं जगणं

सुरुवातीची वर्षं गव्हाची आणि जवसाची. नांगर कसा धरायचा इथपासून शिकणं आलं. पीक उभं राहिलं की टोळधाड यायची, टोळ नाही आले तर गारपीट. चित्र पालटलं ते लसूणघासाने. ही घास एकदा रुजली की काही वर्षं टिकते, मूळ खोल जातं म्हणून कोरड्यात तग धरते, वरून खाल्ली गेली तरी पुन्हा फुटते. गव्हावर टोळ बसले की वर्ष गेलं. घासावर बसले तर एक कापणी गेली. तिच्यावर गुरं पोसायची, विकायची, दूध-साय रोज विकून हातात रोकड. मोइसेस व्हिल इतर वसाहतींपेक्षा सावरलेलं दिसतं त्याचं मोठं श्रेय या चाऱ्याला जातं. त्यातही १८९४च्या सुमारास आजच्या बेलारूसमधल्या ग्रोद्नो भागातून नोए कोसिओविच यांच्यासोबत आलेल्या गटाचा वाटा होता. ही माणसं आधी निवडून, माहिती देऊन आणलेली होती.

घरांची मांडणी बघण्यासारखी. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात बांधलं तर दोन घरांत किलोमीटरचं अंतर पडणार. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. शिवाय शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, गाडी जुंपायची नाही आणि फार लांब चालायचं नाही. म्हणून तुकड्यांच्या कडा एकत्र येतात तिथे घरांचे पुंजके बांधले. त्यांची नावंही तशीच पडली: ‘बारा घरं’, ‘चोवीस घरं’. शनिवारी काम बंद ठेवण्यावरून कोकणातल्या ज्यूंना ‘शनवार तेली’ नाव पडलं. इथे शनिवारी अख्ख्या गावाची दुकानं बंद असत आणि शेजारच्या इटालियन शेतकऱ्यांनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं.

गाउचो, म्हणजे माळावरचे घोडेस्वार गुराखी, यांच्याशी संबंध दोन्ही तऱ्हांचे होते. वसाहतीतल्या तरुणांनी त्यांची ढगळ विजार, घोड्यावरची मांड आणि माते हे चहासारखं पेय पिण्याची सवय उचलली. उलट बाजूने, ज्यू घरांत कामाला असलेले स्थानिक गडी यिद्दिश बोलू लागले. पण पहिल्या दीड-दोन दशकांत वसाहतीतली वीसहून अधिक माणसं दरोड्यांत आणि हल्ल्यांत मारलीही गेली. गुण्यागोविंदाच्या कथा सांगताना हा भाग गाळला जातो.

शाळांचा किस्सा मला फार आवडतो. पोरं यिद्दिश बोलणारी, देश स्पॅनिश बोलणारा, आणि दोन्ही बाजू समजणारा ज्यू शिक्षक आणायचा कुठून? पॅरिसच्या अलियान्स या ज्यू संस्थेने मोरोक्कोतून माणसं पाठवली. चारशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंचे ते वंशज. त्यांच्या घरात अजून जुनी स्पॅनिश बोलली जात होती. स्पेनने हाकलल्यावर जपलेली भाषा दक्षिण अमेरिकेतल्या रशियन ज्यूंच्या मुलांना शिकवायला कामी आली.

आणि सहकार. कंपनीवर अवलंबून राहायचं नाही, व्यापाऱ्याच्या तावडीतही सापडायचं नाही, म्हणून शेतकऱ्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या. एन्त्रे रिओसमधल्या बासाविल्बासोची १९०० सालची संस्था अर्जेंटिनातल्या सर्वांत जुन्या शेतकी सहकारी संस्थांपैकी एक. मोइसेस व्हिलची ‘ला मुतुआ आग्रिकोला’ १९०८ची. बियाणं, पोती, अवजारं ठोकात घ्यायची, धान्य एकत्र विकायचं, गरजेला कर्ज द्यायचं. अर्जेंटिनाच्या शेतीला या वसाहतींनी दिलेली ही सर्वांत टिकाऊ देणगी, असं माझं मत आहे. बॅरनच्या आराखड्यात ती नव्हती.

पाठोपाठ १९०९ साली कादिमा ही संस्था निघाली. तिने आधी ग्रंथालय चालवलं आणि १९२९ साली भव्य थिएटर बांधलं. ब्यूनोस आयर्सला आलेल्या यिद्दिश नाटक कंपन्या इथपर्यंत प्रयोग लावायला येत. दिवसभर गुरांमागे फिरलेली माणसं रात्री तिथे बसलेली असत. १९४०च्या दशकात वस्ती पाचेक हजारांवर गेली होती आणि तिच्यात ज्यूंचं ठळक बहुमत होतं.

ओसरणं

वसाहतींत एक म्हण रूढ झाली: आम्ही गहू पेरला आणि डॉक्टर पिकले. म्हणणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो आणि थोडी हळहळही. शिक्षणाची ओढ खरीच. गावात सगळं मिळालं तरी विद्यापीठ नव्हतं. रोसारिओ, कोर्दोबा, ब्यूनोस आयर्सला गेलेला मुलगा परत येऊन दूध काढणार नव्हता. पण इटालियन शेतकऱ्यांची मुलंही शिकली, तरी त्यांची गावं इतकी रिकामी झाली नाहीत. फरक जमिनीत होता. त्यांच्यातला बाप पैसे साठले की शेजारचं शेत विकत घ्यायचा आणि मुलाला बसवायचा. ज्यू वसाहतीत नेमक्या ज्या वर्षांत दुसरी पिढी हाताशी आली, त्या वर्षांत तो रस्ता अडवलेला होता. १९३०च्या दशकात भाव कोसळले, दुष्काळ पडले, आणि जे काठावर होते तेही हलले. पुढे इस्रायल स्थापन झाल्यावर काही तिकडे गेले. शेतीचा अनुभव असलेल्यांची तिथे चणचणच होती.

हिब्रू शिक्षकांच्या अध्यापकशाळेने गळती काही काळ रोखून धरली. देशभरातून मुलंमुली शिकायला यायची, गावातल्या घरांत राहायची, त्यामुळे खानावळींपासून प्रेमप्रकरणांपर्यंत सगळं चालू असायचं. ती बंद पडल्यावर गाव झपाट्याने म्हातारं झालं.

ब्रेनेर सिनेगॉग १९०९चं, ते लाकडी बाकांसकट जपून ठेवलं आहे. ‘आर्बेटर’ हे कामगारांचं सिनेगॉग. बॅरन हिर्शच्या नावाचं सिनेगॉग आजही वापरात आहे. अर्जेंटिनातलं पहिलं ज्यू कब्रस्तान इथलंच, टायफसमध्ये गेलेल्या मुलांच्या कबरी तिथे आहेत. राब्बी गोल्डमन यांच्या नावाच्या संग्रहालयात कंपनीचे करार, हप्त्यांच्या वह्या आणि बोटीने आणलेले सामोवार, म्हणजे चहासाठी पाणी तापवायची रशियन भांडी, ठेवले आहेत. बेकरीत सफरचंदाचं श्ट्रूडेल मिळतं, आणि ते करणारे हात बहुधा ज्यू नसतात. गावाला १९९९ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०१५ साली अर्जेंटिनाने त्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही घातलं. सिनेगॉगच्या छपरांची डागडुजी, थिएटरची देखभाल, कबरींवरची हिब्रू अक्षरं वाचून नोंदी करणं, ही कामं आज गावातले ज्यू आणि त्यांचे इटालियन वंशाचे आणि क्रिओल (जुने स्थानिक) शेजारी मिळून करतात.